बावीस वर्षे तिजोरीत

हार्लेम न्यूयॉर्कमध्ये, पण ‘हार्लेम स्क्वेअर क्लब’ मात्र पार दक्षिणेला, मायामीच्या ओव्हरटाऊन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. नावाचा दिमाख माणसे कुठून कुठे घेऊन जातात पाहा! १२ जानेवारी १९६३ च्या रात्री या क्लबात सॅम कुक गायला आणि त्याच्या आरसीए व्हिक्टर कंपनीने तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. जिवंत मैफलीची तबकडी काढायची, असा बेत होता. ती निघाली १९८५ साली. तोवर गायकाला जाऊन वीस वर्षे उलटली होती.

माझा कान नाट्यपदांवर आणि रेडिओवरच्या हिंदी गाण्यांवर पोसलेला. तरीही ही तबकडी ऐकताना मला परके वाटले नाही. बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसा प्रकार. कुक विचारतो, लोक ओरडून उत्तर देतात. स्टुडिओतल्या गाण्यांत साजूक तुपासारखा वाटणारा त्याचा आवाज इथे खरखरतो, फाटतो, पुन्हा सावरतो. ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ सुरू करण्याआधी तो कितीतरी वेळ लोकांना नुसता खेळवतो. कसलेल्या कीर्तनकाराने आख्यान लांबवावे तसा.

हे त्याच्यात आले प्रार्थनास्थळातून. जन्म २२ जानेवारी १९३१, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. वडील धर्मोपदेशक. कुटुंब शिकागोला आले आणि भावंडांबरोबर पोर गाऊ लागले. विशीच्या उंबरठ्यावर ‘सोल स्टरर्स’ या नामांकित भक्तिगीत-मंडळाचा तो मुख्य गायक झाला. देखणा, आर्जवी. तरुण मुली प्रार्थनेला येत त्या देवासाठी की याच्यासाठी, हे देवच जाणे. १९५६ मध्ये त्याने प्रेमगीत गायले, पण भक्तमंडळी बिथरतील म्हणून ‘डेल कुक’ या नावाने. आवाज कुठे लपतो? पुढच्याच वर्षी त्याने मंडळ सोडले आणि स्वतःच्या नावाने गायलेले ‘यू सेंड मी’ गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या, दोन्ही याद्यांत पहिले आले.

मी बँकेतला माणूस. त्यामुळे या गायकाचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या काळी कृष्णवर्णीय गायकाच्या हाती बहुधा किरकोळ रक्कम पडे आणि गाण्याचे हक्क दुसऱ्याच्या नावावर जात. कुकने जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या मित्राबरोबर गाण्यांच्या हक्कांची स्वतःची कंपनी काढली, मग ‘सार’ ही ध्वनिमुद्रिका कंपनीही. मुद्दल आपल्या नावावर असले पाहिजे, हे त्याला तिशीच्या आत कळले होते.

मग मायामीचे ते मुद्रण का अडले? गोऱ्या गिऱ्हाइकाला हा आवाज फार रांगडा वाटेल, ही कंपनीची धास्ती. कर्जाच्या अर्जांवर शेरे मारण्यात माझी हयात गेली. हा सावध हिशेब मला समजतो. पटत मात्र नाही. अर्थात, कुकलाही बिचारा ठरवू नये. न्यूयॉर्कच्या ‘कोपाकबाना’ या उंची क्लबात १९५८ मध्ये त्याची फजिती झाली होती आणि ती त्याला धुऊन काढायची होती. १९६४ च्या जुलैत तो तयारीनिशी तिथे गेला, जेवणाच्या टेबलांपुढे नेटके गायला, जिंकला. ती तबकडी त्याच वर्षी बाजारात आली. जगाने पाहिला तो हा सॅम. दुसरा कंपनीच्या तिजोरीत.

मायामीनंतरचे दिवस कठीण गेले. जून १९६३ मध्ये तान्हा मुलगा व्हिन्सेंट घरच्या तलावात बुडाला. ऑक्टोबरात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी, खोली राखून ठेवलेली असूनही, त्याला मोटेलात घेतले नाही. त्याने आवाज चढवला, तर शांतताभंगाबद्दल त्यालाच अटक. १९६४ च्या जानेवारीत त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ मुद्रित केले. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलात तिथल्या व्यवस्थापिकेच्या गोळीने तो गेला. वय ३३. चौकशीत तो स्वसंरक्षणाचा प्रकार ठरला. अनेकांना ते आजही पटलेले नाही. ते गाणे स्वतंत्र तबकडीवर आले त्यानंतर काही दिवसांनी.

साठच्या दशकातच ओव्हरटाऊनच्या छातीतून महामार्ग गेला आणि वस्ती उखडली. त्या रात्री सॅक्सोफोन वाजवणारा किंग कर्टिस १९७१ मध्ये न्यूयॉर्कला भोसकला गेला. त्यालाही ही तबकडी पाहायला मिळाली नाही. तबकडीवर शेवटचे गाणे ‘हॅविंग अ पार्टी’. कुक ते संपवायला तयार नाही, आणि समोरची माणसेही नाहीत.