जादूची गोळी

सेमिनारसाठी माझ्या वाट्याला लायपोसोम आले. म्हणजे स्निग्ध पदार्थांचे नॅनो आकाराचे पोकळ गोळे, ज्यांच्यात औषध भरून शरीरात सोडतात. संदर्भ शोधत मागे मागे गेलो, तर शंभर वर्षांपूर्वीचे पॉल एर्लिख भेटले. सेमिनारमध्ये त्यांना दीड मिनिटात उरकावं लागलं, म्हणून इथे लिहितोय.

एर्लिख यांचा जन्म १८५४ चा, प्रशियातल्या श्ट्रेलेन गावचा. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. शिकत होते डॉक्टरकी, पण जीव अडकला कापडाच्या रंगांत! १८७८ चा त्यांचा प्रबंधही रंगांवरच. एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारणीला सोडतो, हे त्यांनी पाहिलं. मग रंगासारखंच विषही फक्त जंतूलाच का धरू नये? या कल्पनेला त्यांनी जादूची गोळी म्हटलं. मराठीत बंदुकीची आणि औषधाची, दोन्ही गोळ्याच, त्यामुळे आपल्याला ती लगेच कळते.

१९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. मला मात्र त्यानंतरचं काम जास्त भारी वाटतं. फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगं तपासणं चालू होतं. १९०९ मध्ये साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने ६०६ नंबरचं संयुग सिफिलिस झालेल्या सशांना देऊन पाहिलं आणि ते लागू पडलं. १९१० मध्ये तेच साल्व्हारसान नावाने बाजारात आलं.

इथे गोष्ट संपत नाही, खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. ती पावडर हवेत खराब व्हायची. टोचण्याआधी नीट विरघळवावी लागायची, त्यात चूक झाली की रोग्याचे हाल. काही रोगी दगावलेसुद्धा. एर्लिख यांच्यावर आरोप झाले आणि १९१४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. शिक्षा आरोप करणाऱ्याला झाली, पण औषध योग्य जागी, योग्य मात्रेत पोचवायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

दुसरी अडचण त्यांच्याच उंदरांनी दाखवली होती. एकच औषध देत राहिलं की जंतू त्याला सरावतात. म्हणून १९१३ मध्ये लंडनच्या भाषणात त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी मारा करणारी औषधं एकत्र द्यावीत असं मांडलं. आता गंमत बघा. दोन औषधं शरीरातून वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडतात, त्यामुळे सलाईनमधून दिलेलं प्रमाण पेशीपर्यंत टिकत नाही. लायपोसोमचा उपयोग इथे होतो. २०१७ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालेल्या औषधात सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ५:१ या मोलर प्रमाणात सुमारे १०० नॅनोमीटरच्या एकाच गोळ्यात कोंडलेली असतात. साठ ते पंच्याहत्तर वयाच्या रोग्यांवरच्या चाचणीत हीच औषधं सुटी दिली तेव्हा निम्मे रोगी सुमारे सहा महिन्यांपुढे जगले, गोळ्यातून दिली तेव्हा सुमारे साडेनऊ. रक्तपेशी सावरायला मात्र जास्त दिवस लागले, म्हणजे शेजारणीला मार बसतोच अजून.

एर्लिख २० ऑगस्ट १९१५ रोजी गेले. युद्ध चालू होतं आणि लायपोसोम सापडायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती.