जिम कॉर्बेट
एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट (२५ जुलै १८७५, नैनिताल – १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे भारतात जन्मलेले ब्रिटिश शिकारी, लेखक व वन्यजीव संरक्षक होते. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली.

१२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या विषप्रयोग व सापळे यांतून निसटला होता. गुलाबराई येथे आंब्यावर मचाण बांधून व खाली गळ्यात घंटा असलेली शेळी आमिष म्हणून ठेवून कॉर्बेट अनेक रात्री बसले. मे १९२६ मध्ये घंटेच्या आवाजावरून चाहूल लागताच त्यांनी त्यास ठार केले. पुढे त्यांनी छायाचित्रणास वाहून घेतले.

२०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव परिसरात ‘अवनी’ वाघिणीच्या शोधातही जिवंत आमिषे बांधण्यात आली. २ नोव्हेंबर रोजी ती मारली गेली.