गृहशिल्पी लॉरी बेकर

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत. यांपैकी अन्न व वस्त्र यांची गरज गरीब मनुष्य रोजच्या श्रमाने कशीबशी भागवितो. परंतु घर बांधावयाचे म्हटले, की त्याची उभ्या आयुष्याची कमाई खर्ची पडते. पुष्कळदा डोक्यावर छप्पर येते, पण त्याबरोबर डोक्यावर कर्जाचा भारही येतो. आपल्या देशातील अशा कुटुंबांना टिकाऊ, सुखाचे व त्यांच्या ऐपतीत बसणारे घर कसे मिळेल, या एकाच प्रश्नाचा ध्यास घेऊन एका वास्तुशिल्पीने आपले आयुष्य वेचले. जन्माने तो इंग्रज होता. परंतु आयुष्याच्या अखेरीस तो मनाने व कायद्यानेही भारतीय झाला होता. त्याचे नाव लॉरी बेकर.

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या शहरी झाला. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथेच त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. तरुणपणी त्यांच्यावर क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या विचारांचा प्रभाव पडला. साधी राहणी, सेवा आणि शांतता ही या पंथाची मुख्य तत्त्वे. हाती शस्त्र धरून दुसऱ्याचा जीव घेणे या पंथास मान्य नाही. त्यामुळे सन १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा तरुण बेकर यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. लढावयास जावे, तर सदसद्विवेकबुद्धी आड येत होती. घरी स्वस्थ बसावे, तर चोहीकडे माणसे घायाळ होत होती. अखेर त्यांनी लढण्यास नकार दिला. पण रणांगणाकडे पाठ मात्र फिरविली नाही. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या पथकात ते दाखल झाले आणि या पथकाबरोबर दूर चीन देशात गेले. तेथे त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास भूल देण्याचे काम केले, तसेच कुष्ठरोग्यांचीही सेवा केली.

चीनमधील कष्टांनी बेकर यांची प्रकृती ढासळली व त्यांना मायदेशी परतण्याची आज्ञा झाली. परतीच्या वाटेवर बोटीची वाट पाहत त्यांना सुमारे तीन महिने मुंबईस राहावे लागले. या मुक्कामात महात्मा गांधींच्या प्रार्थनासभांना उपस्थित राहण्याची व त्यांच्याशी बोलण्याची संधी त्यांना लाभली. बेकर यांच्या पायांत त्या वेळी चिनी पद्धतीचे, टाकाऊ कापडाच्या तुकड्यांपासून हाताने शिवलेले जोडे होते. गांधीजींच्या चौकस दृष्टीने ते जोडे अचूक टिपले, आणि त्यावरून दोघांमध्ये संभाषण सुरू झाले. भारताचा खरा प्रश्न शहरांचा नसून खेड्यांचा आहे, पाश्चात्त्य देशांत मिळविलेली विद्या येथील लोकांच्या गरजा ओळखल्यावाचून उपयोगी पडणार नाही, असे गांधीजींनी त्यांना समजावून सांगितले. घर बांधण्यासाठी लागणारे साहित्य शक्य तो त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचारही बेकर यांच्या कानी पडला. पाच मैल म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. विचार अगदी साधा होता. परंतु तो त्या तरुणाच्या मनात खोल रुजला.

सन १९४५ मध्ये बेकर पुन्हा भारतात आले. कुष्ठरोग्यांसाठी कार्य करणाऱ्या एका संस्थेने त्यांची वास्तुशिल्पी म्हणून नेमणूक केली होती. त्या काळी कुष्ठरोग्यास गावाबाहेर काढीत व त्याचे उर्वरित आयुष्य अशाच एखाद्या वसतिगृहात जाई. परंतु या रोगावर गुणकारी औषधे निघू लागली होती. त्यामुळे या जुन्या आश्रयस्थानांचे रूपांतर चांगल्या रुग्णालयांत करणे आवश्यक झाले होते. हे काम बेकर यांच्याकडे आले. उत्तर प्रदेशातील फैजाबाद येथे ते एका भारतीय डॉक्टरांच्या घरी राहू लागले. याच डॉक्टरांची बहीण एलिझाबेथ याही डॉक्टर होत्या. त्या मूळच्या केरळच्या. दोघांच्याही मनात सेवेची एकच ओढ होती. घरच्या मंडळींचा प्रारंभी विरोध असूनही सन १९४८ मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली.

विवाहानंतर हे दांपत्य हिमालयातील पिठोरागड या भागात प्रवासास गेले. त्या दुर्गम प्रदेशात वैद्यकीय मदत मिळणे फार कठीण होते. पाहुण्यांपैकी एक जण डॉक्टर आहे, ही वार्ता डोंगरातील वस्त्यांवर पसरताच दुरून दुरून रुग्ण येऊ लागले. त्यांना तसेच सोडून परत फिरणे त्या दोघांना जमेना. थोड्या दिवसांसाठी आलेले बेकर पती-पत्नी तेथे सोळा वर्षे राहिले. एलिझाबेथ रोग्यांवर उपचार करीत. बेकर घर, रुग्णालय व शाळा बांधीत आणि वेळ पडेल तेव्हा रुग्णसेवेतही हातभार लावीत.

याच डोंगरात बेकर यांना आपल्या शिक्षणाची मर्यादा कळून आली. विद्यालयात त्यांनी पोलाद, सिमेंट व काच यांची बांधकामे अभ्यासिली होती. येथे मात्र सिमेंटचे एक पोते आणावयाचे, तर ते जनावरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून डोंगर चढून आणावे लागे. आणि आणूनही काय साधणार? वाळवी, मुसळधार पाऊस, कडाक्याची थंडी यांविषयी त्यांच्या पुस्तकांत फारसे काही सांगितलेले नव्हते. उलट आजूबाजूला पाहावे, तो डोंगरातील लोकांची घरे पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप उभी होती. त्यांच्या भिंती जवळच्या दगडमातीच्या, तुळया व दारे जवळच्या रानातील लाकडाची, छपरे पाटीच्या दगडाची. जाड भिंतींमुळे घरात ऊब राही आणि उतरत्या छपरावरून पावसाचे पाणी वाहून जाई.

विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या एखाद्या मनुष्याने त्या घरांना ओबडधोबड म्हणून नाक मुरडले असते. बेकर यांनी तसे केले नाही. ज्या घरांनी शेकडो पावसाळे सोसले, त्यांच्या रचनेमागे काही शास्त्र असलेच पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पदवीधर वास्तुशिल्पी असूनही ते तेथील गवंड्यांचे व सुतारांचे शिष्य झाले. कोणता दगड कोठे बसवावा, माती कशी मळावी, लाकूड कसे जोडावे, हे ते त्यांच्याकडून शिकले. हीच सोळा वर्षे त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

सन १९६३ मध्ये बेकर कुटुंब केरळात आले. प्रथम वागमोन येथील डोंगराळ भागात व पुढे तिरुवनंतपुरम येथे त्यांनी वास्तव्य केले. हिमालयातील घर केरळात जसेच्या तसे उभारून चालणार नव्हते; कारण येथील हवा उष्ण व दमट, आणि पाऊस विपुल. मात्र तेथे शिकलेला नियम येथेही लागू होता. म्हणून बेकर यांनी केरळातील जुनी घरे न्याहाळली. त्यांची कौलारू छपरे उतरती असत, वळचणी पुढे आलेल्या असत व वारा घरातून सतत खेळत असे. आपल्या कोकणाप्रमाणे केरळातही जांभा दगड मिळतो. विटा जवळच्या भट्ट्यांत भाजल्या जात. या साधनांचा काटकसरीने उपयोग कसा करावा, यावर बेकर यांनी आपली बुद्धी वेचली.

त्यांच्या युक्त्या मोठ्या समजण्याजोग्या होत्या. नेहमीची भिंत रचताना वीट आडवी ठेवतात. बेकर विटा कडेवर उभ्या करून अशा रीतीने रचीत, की भिंतीच्या पोटात पोकळी राही. त्यामुळे भिंतीची जाडी तीच राहून सुमारे पाव हिस्सा विटांची बचत होई. शिवाय पोकळीतील हवेमुळे बाहेरची उष्णता आत सहजासहजी शिरत नसे. खिडकी म्हटली, की चौकट, झडपा, गज आणि काच यांचा खर्च आला. त्याऐवजी ते भिंतीतच विटांची जाळी विणीत. तीतून वारा व सौम्य उजेड आत येई, आणि घर चोरापासूनही सुरक्षित राही. दारांवर लोखंड घातलेली सिमेंटची तुळई टाकण्याऐवजी ते विटांची कमान साधीत. चांगल्या विटांच्या भिंतीला ते गिलावा करीत नसत. त्यामुळे गिलाव्याचा व रंगाचा खर्च वाचे.

छपराविषयीची त्यांची युक्तीही अशीच होती. सिमेंटच्या सपाट छपराच्या खालच्या थरातील पुष्कळसे सिमेंट भार उचलण्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. हे जाणून बेकर त्या जागी लोखंडी सळ्यांच्या मध्ये मंगलोरी कौले बसवीत. जुनी, टाकून दिलेली कौलेही या कामी चालत. त्यायोगे छप्पर हलके होई आणि सिमेंट कमी लागे. सिमेंट, पोलाद व वीट तयार करण्यासाठी पुष्कळ इंधन जाळावे लागते. म्हणून ही बचत केवळ एका घरमालकाची नसून साऱ्या देशाची आहे, असा त्यांचा विचार होता.

घराचा आराखडा करण्यापूर्वी बेकर ती जागा स्वतः पाहत व त्या कुटुंबाशी सावकाश बोलत. घरात माणसे किती, त्यांची राहणी कशी, खर्च किती झेपेल, हे सारे ते समजून घेत. जागेवरचे झाड तोडण्यापेक्षा भिंतीला वळण देणे त्यांना अधिक पसंत असे. जमीन उताराची असली, तर ती खणून सपाट करण्याऐवजी ते घरच उताराप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी बसवीत. वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर ते आराखडे काढीत आणि काम सुरू झाले, की गवंड्यांच्या बरोबरीने तेथे उभे राहत.

तिरुवनंतपुरमजवळ पून्तुरा येथे कोळी लोकांची वस्ती आहे. सन १९७४-७५ च्या सुमारास बेकर यांनी तेथील कुटुंबांसाठी घरे बांधली. समुद्रकाठी वादळाचे भय नित्याचे. म्हणून त्यांनी घरांची छपरे ठेंगणी व उतरती ठेवली आणि भिंतींत विटांच्या जाळ्या योजिल्या, म्हणजे वाऱ्यास वाट मिळून त्याचा जोर ओसरावा. घरांची रांग सरळ न ठेवता ती मागेपुढे मांडली. त्यामुळे प्रत्येक घरास समुद्राचा वारा मिळाला, आणि जाळी वाळविण्यास व मुलांना खेळण्यास अंगणेही लाभली. कोळ्याचे घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्याचे जाळे वाळत घालण्याची जागा हाही त्याच्या घराचाच भाग आहे, हे त्यांनी जाणले होते.

तथापि हे कार्य निर्वेध चालले असे नाही. पोकळ भिंत भार कसा सोसणार, कौले घातलेले छप्पर किती दिवस टिकणार, अशा शंका जाणकार म्हणविणारेच घेत. गिलावा नसलेले घर अनेकांना अर्धवट वाटे. अधिक दुःखाची गोष्ट अशी, की मातीचे घर हे दारिद्र्याचे चिन्ह आहे, अशी समजूत खुद्द गरिबांच्याच मनात घर करून बसली होती. बेकर यांनी कोणाशी फार वाद घातला नाही. त्यांनी घरे बांधून दाखविली. तिरुवनंतपुरम येथील उल्लूरमध्ये विकास अध्ययन केंद्र या संस्थेच्या विस्तृत इमारती त्यांनी याच पद्धतीने उभारल्या. प्राध्यापक, अधिकारी व धर्मगुरू अशा प्रतिष्ठित मंडळींसाठीही त्यांनी विटांची साधी, सुंदर घरे बांधली. गरिबांसाठी हलके घर आणि श्रीमंतांसाठी भारी घर, असा भेद त्यांना मान्य नव्हता. अनावश्यक खर्च सर्वांनीच टाळावा, असे ते सांगत. ज्या पद्धतीने साहेबाचे घर बांधले जाते, त्याच पद्धतीने आपलेही घर बांधले जात आहे, हे पाहून गरिबाच्या मनातील न्यूनगंड हळूहळू दूर होऊ लागला.

आपले ज्ञान स्वतःपाशी राखून ठेवावे, असे बेकर यांना कधीच वाटले नाही. मातीचे घर कसे बांधावे, खर्च कोठे वाचवावा, यांविषयी त्यांनी लहान लहान पुस्तिका लिहिल्या व त्यांत स्वतः काढलेली गमतीदार चित्रे घातली. सामान्य माणसासही त्या समजाव्यात, हा त्यामागील हेतू. सन १९८५ मध्ये केरळचे माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज प्रभृतींच्या सहकार्याने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने गवंड्यांना व तरुण वास्तुशिल्पींना या पद्धतीचे शिक्षण दिले, आणि बेकर यांच्या कल्पना अनेक हातांत पोहोचल्या.

उतारवयात बेकर यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. सन १९९० मध्ये भारत सरकारने ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला. तिरुवनंतपुरम येथील खडकाळ टेकडीवर त्यांनी स्वतःसाठी बांधलेले घरही असेच होते. खडकाच्या आधाराने ते थोडे थोडे वाढत गेले, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या अनेक वस्तूंना तेथे जागा मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरम येथे त्यांनी देह ठेवला.

मुंबईच्या मुक्कामात कानी पडलेल्या एका साध्या विचारावर लॉरी बेकर यांनी आपल्या आयुष्याची इमारत उभारली. पाच मैलांच्या आत दगड, माती, चुना व लाकूड मिळते, हे गांधीजींनी त्यांना सांगितले होते. त्याच पाच मैलांत ते साहित्य हाताळणारा जाणता गवंडीही असतो, हे बेकर स्वतः शिकले. त्याच्यापाशी नम्रपणे बसून त्यांनी जी विद्या मिळविली, तिच्यामुळे पुष्कळ कुटुंबांना आपल्या कमाईत बसणारे, आपल्या हवेला मानवणारे आणि अभिमानाने दाखविता येईल असे घर लाभले.