कुणाला कोण हवंय?

१९३२च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. नेहमीपेक्षा हे प्रमाण तब्बल तीसपट होतं. अशा वेळी एरवी काय करतात? प्रत्येकीची फाइल काढायची, बुद्ध्यांक बघायचा, घरची परिस्थिती बघायची आणि शेवटी ‘मुलगीच वाह्यात’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं. तिथे संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरने मात्र वेगळंच केलं. त्याने कागदावर गोल काढले. एक गोल म्हणजे एक मुलगी. जिला जी आवडते, तिच्याकडे लाल रेघ. जिला जी नको, तिच्याकडे काळी. कागद भरत गेला तसं दिसू लागलं की पळालेल्या मुली वेगवेगळ्या कॉटेजमधल्या असल्या, तरी मैत्रीच्या साखळीने एकमेकींना जोडलेल्या आहेत. पळून जायची कल्पना त्या साखळीवरून सरकत गेली होती.

हा डॉक्टर म्हणजे जेकब लेव्ही मोरेनो. ‘ग्रुप थेरपी’ हा शब्द आज आपण वेब सिरीजमध्ये सर्रास ऐकतो. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मधेच कुणीतरी रडतंय, बाकीचे ऐकतायत. तो शब्द रुळवला तो याने.

मोरेनोची गोष्ट सांगताना पहिली अडचण खुद्द मोरेनोचीच आहे. आपला जन्म १८९२ साली काळ्या समुद्रातल्या जहाजावर झाला, असं तो सांगायचा. स्टोरी मस्त आहे, पण नोंदी काही वेगळंच सांगतात: १८ मे १८८९, बुखारेस्ट, रुमानिया. कुटुंब ज्यू, वडील व्यापारी. वडिलांचं पहिलं नाव मोरेनो. तेच त्याने पुढे आडनाव म्हणून लावलं. पाच-सहा वर्षांचा असताना घर व्हिएन्नाला हललं. लहानपणी तळघरात मुलांनी मांडलेल्या ‘देव-देव’ खेळाचा किस्सा तो म्हातारपणापर्यंत सांगायचा. टेबलावर खुर्च्या रचल्या, सगळ्यात वर देव म्हणून हा बसला. खालच्या देवदूतांपैकी कुणीतरी विचारलं, उडत का नाहीस? हा उडाला आणि हात मोडून घेतला. देव व्हायची हौस पुढेही फिटली नाही, असं त्याच्याबरोबर काम केलेल्या पुष्कळांचं मत पडलं असतं.

व्हिएन्नात मेडिकलला असताना तो बागेत जाऊन मुलांना गोष्टी सांगायचा, त्यांच्याकडून त्या करून घ्यायचा. याच शहरात त्या वेळी सिग्मंड फ्रॉइड होता. मोरेनोला फ्रॉइडची पद्धत पटायची नाही. पेशंटला कोचावर झोपवून एकट्याने त्याच्या मनात खोल उतरायचं, हे त्याला अर्धवट वाटायचं. माणूस घरात, वर्गात, गल्लीत, म्हणजे इतरांच्यात दुखावतो. मग उपचार बंद खोलीत एकट्यावर कसे होणार?

हे त्याला कुठे उमगलं, ते बघण्यासारखं आहे. १९१३च्या सुमारास तो व्हिएन्नाच्या श्पिटेलबेर्ग भागातल्या वेश्यांना भेटू लागला. सोबत एक लैंगिक रोगांचा डॉक्टर आणि एक पत्रकार. सुधारा वगैरे सांगायला तो गेला नव्हता. आठ-दहा जणी एकत्र बसायच्या, आठवड्यातून दोन-तीनदा. सुरुवातीला बोलणं रोजच्या कटकटींचं: पोलीस का उचलतात, दवाखान्यात का घेत नाहीत. आपण एकट्याच नाही, हे कळल्यावर त्या हळूहळू एकमेकींशी मनातलं बोलू लागल्या. मग पैसे जमवून आजारपणासाठी सोय केली, वकील मिळवला. सल्ला देणारा एकच डॉक्टर पुरत नाही, बसलेली प्रत्येकजण दुसरीसाठी थोडीथोडी डॉक्टर असते, ही त्याची पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली. महिला बचत गटाच्या बैठकीला कधी बसला असाल, तर यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

पहिल्या महायुद्धात मिटर्नडॉर्फच्या निर्वासित छावणीत तो डॉक्टर होता. तिथे माणसं सरकारी सोयीने कोंबलेली. कोणाशेजारी कोण राहणार, हे ज्याचं त्याला ठरवू दिलं तर निम्मी भांडणं मिटतील, असं त्याला वाटू लागलं. त्याने तसं मंत्रालयाला कळवलंही.

युद्ध संपलं, सम्राट गेला, व्हिएन्ना उपाशी होतं. १ एप्रिल १९२१च्या रात्री मोरेनोने एक थिएटर घेतलं. पडदा उघडला तर नाटकच नाही. रंगमंचावर फक्त एक लाल मखमली खुर्ची आणि मुकुट. प्रेक्षकांपैकी ज्याला देश चालवता येईल असं वाटतं, त्याने यावं, बसावं, बोलून दाखवावं. कुणीच पसंतीला उतरलं नाही, शो साफ पडला आणि मोरेनोने बरेच मित्र गमावले.

पण तो थांबला नाही. पुढच्या वर्षी त्याने लेखी संहिता नसलेलं, जागच्या जागी रचलं जाणारं नाटक सुरू केलं. पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला पीटर लोरी तरुणपणी तिथे काम करायचा. तिथली एक नटी, मोरेनोने तिला बार्बरा म्हटलंय, गोड नायिकांच्या भूमिका करायची. तिच्या नवऱ्याने मोरेनोकडे तक्रार केली की स्टेजवरची ही देवी घरी अक्षरशः राक्षसीण असते. मोरेनोने तिला त्या दिवशीच्या पेपरातली एक बातमी दिली, एका वेश्येच्या खुनाची, आणि ती भूमिका करायला सांगितलं. बार्बरा स्टेजवर किंचाळली, शिव्या दिल्या, मारामारी केली. नंतर अशाच भूमिका करत गेली, आणि घरातला धुडगूस कमी झाला. पुढे नवरा-बायको दोघंही स्टेजवर आपलंच घर उभं करू लागले आणि बघणारे प्रेक्षक आपापल्या घरांविषयी बोलू लागले. ‘सायकोड्रामा’ची सुरुवात ही.

१९२५मध्ये ध्वनिमुद्रणाच्या एका यंत्राची कल्पना घेऊन तो अमेरिकेला गेला. यंत्राचं फार काही झालं नाही. १९३१मध्ये त्याने सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास केला: कोणत्या कैद्याला कोणासोबत ठेवलं तर दोघं सुधारतील? १९३२मध्ये फिलाडेल्फियाला मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत त्याने ही पद्धत मांडली, तिला नाव दिलं. खरं सांगायचं तर गट जमवणारा तो पहिला नव्हता. बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट यांनी १९०५पासूनच क्षयरोग्यांचे गट चालवले होते. पण पहिला मीच, यावर मोरेनो आयुष्यभर लोकांशी भांडला.

यानंतर हडसन. सुमारे पाचशे मुली, वेगवेगळी कॉटेज, प्रत्येकात देखरेखीला एक बाई. मोरेनोची टेस्ट अगदी साधी होती. तुला एका कॉटेजमध्ये कोणासोबत राहायचंय, पसंतीच्या क्रमाने पाच नावं लिही. कोण नको, तेही लिही. बस. पण एक अट होती, आणि माझ्या मते मोरेनोची खरी ग्रेट गोष्ट तीच आहे: उत्तर दिल्यावर तसं घडलं पाहिजे. नुसतं ‘तुझी बेस्ट फ्रेंड कोण’ असं विचारून फॉर्म कपाटात ठेवायचे नाहीत. मुलींनी दिलेल्या उत्तरांवरून कॉटेज वाटपात बदल झाले, आणि त्याच्या नोंदीप्रमाणे पळून जाणं कमी झालं. आपण शाळा-कॉलेजात किती सर्व्हे भरतो आणि त्यांचं पुढे काय होतं, ते आठवून बघा.

नकाशात सगळ्यात अस्वस्थ करणारे गोल होते ते एकटे. ज्यांच्याकडे एकही लाल रेघ येत नाही. मोरेनोचं म्हणणं, या मुलीत काय बिघडलंय हा एकच प्रश्न विचारू नका. गटाने तिला कुठे ढकललंय, तेही बघा.

हे नकाशे आणि त्यामागची आकडेमोड यात हेलन हॉल जेनिंग्ज या संशोधक विद्यार्थिनीचा वाटा मोठा होता. १९३४च्या पुस्तकावर मुख्य नाव मोरेनोचं. सोशल नेटवर्कच्या अभ्यासाचा इतिहास लिहिणारे आता तिचं श्रेय तिला देतात. उशिरा का होईना.

नकाशात सगळंच येत नाही, हेही हडसननेच दाखवलं. १९३३मध्ये याच सुधारगृहात पंधरा-सोळा वर्षांची एक अनाथ मुलगी पाठवली गेली. एला फिट्झजेराल्ड, पुढची जगप्रसिद्ध जॅझ गायिका. कृष्णवर्णीय मुलींची कॉटेज वेगळी, गायनवृंद फक्त गोऱ्या मुलींचा, शिवाय मारहाण. एला याबद्दल जाहीरपणे फारसं बोलली नाही. १९९६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं. कोणासोबत राहायचंय हे मुलींना विचारलं गेलं. तिथे राहायचंय का, हे नाही.

एसएसबीची तयारी करणाऱ्यांना ग्रुप टास्क माहीत असतील. ती रीत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश निवड मंडळांकडून आपल्याकडे आली. नेता न नेमता गटाला कामाला लावायचं आणि बघायचं, ही युक्ती मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बिऑनची, मोरेनोची नाही. पण माणूस जोखायचा तर इतरांच्यात जोखा, हा विचार दोघांचा सारखाच.

१९३६मध्ये मोरेनोने बीकन गावी स्वतःचं रुग्णालय काढलं आणि त्यात थिएटर बांधलं. गोल पायऱ्यांचा रंगमंच, वर सज्जा. पेशंट आपला प्रसंग उभा करायचा, मधेच बापाच्या जागी जाऊन बापाच्या तोंडून बोलायचा. शेवटी प्रेक्षकांनी बोलायचं, पण सल्ला द्यायला बंदी. तुझ्यावरून मला माझं काय आठवलं, एवढंच सांगायचं. करून बघा, भयंकर अवघड आहे.

१९४१मध्ये झेरका नावाची तरुणी मनोरुग्ण बहिणीला घेऊन बीकनला आली आणि तिथलीच झाली. १९४९मध्ये दोघांनी लग्न केलं. कॅन्सरमुळे तिचा उजवा हात गेला, तरी काम चालूच राहिलं. १४ मे १९७४ला मोरेनो गेला. त्यानंतर झेरका देशोदेशी फिरून सायकोड्रामा शिकवत राहिली. ती २०१६पर्यंत जगली. हडसनचं सुधारगृह १९७५मध्ये बंद झालं, तिथे पुरुषांचा तुरुंग आला. बीकनचा तो लाकडी रंगमंच मात्र उचलून जवळच्या हायलंड गावी नेऊन पुन्हा उभा केलाय, आणि त्यावर अजूनही गट जमतात.