कमला सोहोनी

दह्यातील सूक्ष्म जंतू दुधातील प्रथिनांचे बारीक तुकडे करतात. आपल्या पोटातील पाचकरसही तेच कार्य करतात. प्रथिनांच्या अभ्यासास आयुष्य वाहिलेल्या विदुषी म्हणजे कमलाबाई सोहोनी. त्यांचा जन्म इंदूरचा. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेने केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. पण कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे परिश्रम पाहून संचालक सर रामन यांचे मत पालटले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईत त्यांनी गोरगरिबांच्या आहारातील कडधान्ये व नीरा यांवर संशोधन केले. कच्च्या कडधान्यांतील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. शिजविल्यावर त्यांचा जोर ओसरतो. १९९८ साली कमलाबाई निवर्तल्या. त्यांनी उघडलेले दार मात्र पुढील मुलींसाठी उघडेच राहिले.