मेरी रीबी

बालमित्रहो, एखाद्या मुलाच्या हातून चोरी घडली, तर ती आपण किती वर्षें लक्षांत ठेवावी? मेरी रीबीचें चरित्र वाचतांना हा प्रश्न मनांत उभा राहतो.

मेरीचा जन्म इ. स. १७७७ सालीं इंग्लंडांत, लँकेशायर परगण्यांतील बरी या गांवीं झाला. आईबापांचें छत्र लवकरच नाहींसें झाल्यामुळें आजीनें तिचा सांभाळ केला. पुढें ती एका घरीं नोकरीस राहिली; परंतु तेथून पळाली, आणि मुलाचा वेष घेऊन जेम्स बरो या नांवानें हिंडूं लागली. अशा स्थितींत घोडा चोरल्याबद्दल ती पकडली गेली.

त्या काळीं इंग्लंडांत घोडा किंवा मेंढी चोरणारास फांशीही होऊं शकत असे. त्याऐवजीं पुष्कळांना समुद्रापार धाडीत. अमेरिकेंतील वसाहती स्वतंत्र झाल्यावर सरकारनें या कामीं ऑस्ट्रेलियाची निवड केली, व १७८८ सालीं कैद्यांचीं पहिलीं जहाजें तेथें पोंचलीं. मेरीस सात वर्षांची हद्दपारी झाली. १७९२ सालीं ती सिडनी बंदरांत उतरली, तेव्हां ती अवघी पंधरा वर्षांची होती.

१७९४ सालीं टॉमस रीबी या दर्यावर्दी तरुणाशीं तिचा विवाह झाला. १८११ सालीं पति निवर्तला; पदरीं सात मुलें होतीं. मेरीनें जहाजें, वखारी व दुकान यांचा सारा कारभार स्वतः चालवून वाढविला. १८१७ सालीं तेथील पहिली बँक उघडली, ती तिच्याच इमारतींत. १८२० सालीं ती दोन मुलींसह जन्मभूमीस जाऊन आली. १८२५ सालीं सिडनींतील एका शाळेच्या व्यवस्थापकांत तिची नेमणूक झाली.

इतका मान मिळूनही १८२८ च्या खानेसुमारींत तिनें आपण १८२१ सालीं स्वतंत्रपणें आलों, एवढेंच सांगितलें. इंग्लंडच्या भेटीहून ती त्या सालीं परतली होती, हें खरें. पण पहिल्या प्रवासाविषयीं ती गप्प राहिली. छत्तीस वर्षांनंतरही त्या जुन्या डागाची लाज तिला सोडीत नव्हती, असें दिसतें.

१८५५ सालीं मेरी मरण पावली. १९९४ सालीं ऑस्ट्रेलियानें वीस डॉलरांच्या नोटेवर तिचें चित्र छापलें. जी गोष्ट तिनें झांकली, ती आतां तेथील शाळकरी मुलांस ठाऊक आहे, आणि तिच्याबद्दलचा आदर त्यामुळें कमी झालेला नाहीं.

मुलांनो, चूक झाली म्हणून धीर सोडूं नका. आणि पालकहो, चुकलेल्या लेंकरास पुन्हा उभें राहण्यापुरती जागा आपल्या घरांत व मनांत असूं द्या.