तारेसाठी सरदारांच्या दारी : कोण होते गोल्डस्मिड?

१८६० च्या सुमारास लंडनचा कापूसभाव कळायला मुंबईच्या व्यापाऱ्याला बोटीच्या टपालाची वाट पाहावी लागे. युरोपकडे जाणारी तार कराचीहून मकरान किनाऱ्याने न्यायची ठरली. पण तिथे सत्ता स्थानिक सरदारांची. खांब राखणार कोण?

मिलानमध्ये १८१८ साली जन्मलेले, चीनच्या युद्धात गेलेले, फारसी जाणणारे लष्करी अधिकारी फ्रेडरिक गोल्डस्मिड १८६१ मध्ये या सरदारांशी बोलायला गेले. तोडगा सरळ होता : तार राखा, वर्षाला ठरलेली रक्कम घ्या. फौजेपेक्षा हे स्वस्तच!

१८६५ मध्ये भारत-युरोप तार सुरू झाली. त्याच वर्षी ते तिचे महासंचालक झाले आणि इराणशी वाटाघाटींसाठी तेहरानला गेले. १८७० मध्ये समुद्राखालची केबल थेट मुंबईत आली. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले.